पाच नंबरची हजेरी

बाई हजेरी उभ्याने घ्यायच्या. सभासद चारच, पण हजेरीपुस्तक जाडजूड, कापडी पुठ्ठ्याचं, आणि ते हातात धरलं की बाईंचा आवाज एखाद्या पन्नास पोरींच्या वर्गापुढे उभं राहिल्यासारखा व्हायचा.

"एक," त्या म्हणायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, "हजर." दोन रेहाना. तीन सुमन. चार मी. मग त्या चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या, पुन्हा नाकावर चढवायच्या आणि भिंतीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे मुळीच न बघता म्हणायच्या, "पाच. कमल."

आणि थांबायच्या. एखादं माणूस खोल विहिरीतून हाताने चढत वर यायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ. दुपारचे चार वाजलेले, बाहेर ऊन मी म्हणत असायचं, आणि आमच्या हातावर काटा उभा राहायचा. मग खोलीच्या कोपऱ्यातून छताकडे गेलेल्या बिडाच्या पाइपमधून आवाज यायचा. टक्. बाई पाच नंबरसमोर हजेरीची खूण करायच्या आणि पुस्तक मिटायच्या.

आता मी आधीच सांगून टाकते की मी इंजिनियर आहे. पाणी बंद झालं की पाइप थंड होतो, आकसतो आणि वाजतो, हे मला ठाऊक आहे. अडचण एवढीच, की त्या दुष्काळाच्या साली नगरला पाणी एक दिवसाआड यायचं आणि आमची सभा बिनपाण्याच्या दिवशी आली तरी तो पाइप वाजायचा.

ही सभा म्हणजे देशभरातल्या इंजिनियरांच्या एका संस्थेच्या नगर शाखेचा महिला विभाग. नाव ऐकून दडपून जाऊ नका. आमचं सभागृह म्हणजे पंपहाऊसच्या मागची एक खोली, तीत एक कपाट, दोन ड्रॉइंग बोर्ड आणि पाच खुर्च्या. बाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होत्या. ड्राफ्ट्सवुमन म्हटलेलं त्यांना खपत नसे. "रेघ मारताना हात असतो, बाई नसते," असं म्हणायच्या. आम्ही तिघी डिप्लोमाच्या वर्गातल्या. सगळ्या वर्गात मुली तीन, आणि तिघींनाही बाईंनी पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या फाटकाशी गाठलं. एका हातात गुंडाळलेला नकाशा, दुसऱ्या हातात काठी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. "इंजिनियर ना तुम्ही?" आम्ही घाबरून हो म्हणालो. "मग शनिवारी चारला या. येताना चार हात दोरी आणा."

दोरी कशाला, ते शनिवारी कळलं. बाईंच्या विभागात पहिला धडा गणिताचा नव्हता, नकाशाचाही नव्हता. गाठीचा होता. अंधारात, एका हाताने, पाण्यात उभं राहून कमरेला बांधता येईल आणि ओढ बसली तरी आवळणार नाही, सुटणार नाही, अशी गाठ. तिला त्या कासोटा गाठ म्हणायच्या, कारण शिकवताना मंत्र नऊवारीचा असायचा. "कमरेला वेढा. समोर निरी. पदर खालून घे. निरीच्या मागून फिरव. खोच." गाठ बांधायची त्या रिकाम्या खुर्चीच्या पायाला. बाई ओढून बघायच्या. सुटली तर पुन्हा.

सुमनची दर वेळी सुटायची. ती काष्टी गावची, अंगापिंडाने दांडगी, विहिरीत वरून उडी मारणारी पोर, पण हातात दोरी आली की तिची बोटं गोंधळायची. "बाई, आमच्याकडं बैलाला बांधतेत तसली गाठ येती मला. ही न्हाई येत."

"बैल खाली उतरत नाही, इंजिनियर. पुन्हा बांध."

बाईंची काठी हा एक वेगळाच विषय होता. शिसवीची, सरळ, दोन हात लांब. तिचं एक टोक पाइपवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. जमिनीखाली नळ कुठे गळतो हे त्यांना काठीतून ऐकू यायचं. हे सगळे जुने व्हॉल्व्हमन करतात, त्यात नवल नाही. नवल असं की बाई काठी कशालाही लावायच्या. एकदा आम्ही त्यांच्याबरोबर केडगावला एका लग्नाला गेलो होतो. अक्षता वाटून झाल्या, आणि बाईंनी मांडवाच्या मधल्या खांबाला काठी लावून कान दिला. नवरदेवाचा मामा म्हणाला, "बाई, सनई तिकडं वाजतीय." बाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांना बाहेर काढा. हा बांबू बोलायला लागलाय." लोक हसले. बाईंनी नवरीचा हात धरून तिला मुंडावळ्यांसकट उन्हात नेऊन उभं केलं, म्हणून बाकीचे तिच्या मागे आले, भांडायला. भांडण रंगात आलं असताना मांडव बसला. मामाने नंतर बाईंना जेवायला आग्रह केला, पण बाई जिथे बसल्या तिथे आसपास कोणी बसलं नाही. माणसांना वाचवलेलं आवडतं, पण वाचवणाऱ्याला आधी कळलं कसं, हे आवडत नाही.

"पाणी खोटं बोलत नाही," त्या म्हणायच्या. "फक्त उशिरा बोलतं."

त्या कसलं उशिराचं ऐकायच्या, हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही कचेरीतला अहवाल वाचावा तशा आवाजात.

नगरच्या जमिनीखाली सुलतानी काळातले खापरी नळ आहेत. डोंगराकडून शहरात पाणी आणण्यासाठी पुरलेले. त्या नळांच्या वाटेवर मध्ये मध्ये दगडी बांधणीचे उभे हौद आहेत, हवा जायला आणि गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून. वरून ते धुराड्यासारखे दिसतात, म्हणून आम्ही त्यांना धुराडीच म्हणायचो. बाई विशीत असताना कचेरीने या जुन्या नळाचा नकाशा काढायला घेतला. कचेरीत नकाशे गिरवायला दोन मुली ट्रेसर म्हणून होत्या, बाई आणि कमल. कमल डावरी होती, आणि तिच्या रेघेला कचेरीत तोड नव्हती. पुरुषमंडळी धुराड्यात उतरायला कां कूं करत होती, तेव्हा कमल म्हणाली, मी उतरते. बाईंनी तिच्या कमरेला दोर बांधला. पंधरा मिनिटांनी दोर हलका लागला म्हणून वर ओढला.

"गाठ जशीच्या तशी होती," बाई म्हणाल्या. "वेढा तेवढाच. आत कमल नव्हती."

तीन दिवस शोधलं. खाली घोटाभर पाणी, आणि दोन्ही बाजूंना नळ एवढा अरुंद की मांजर जाईल, माणूस नाही. पंचनाम्यात "गाठ सैल असावी" असं लिहिलं. बाईंनी ते कधी मान्य केलं नाही आणि कधी खोडूनही काढलं नाही. पुढे महिला विभाग काढला तेव्हा सभासदांत कमलचं नाव घातलं, तेही शेवटी. "जी शेवटी वर येते तिचं नाव शेवटी लिहायचं असतं."

आता माझं सांगते, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे झालं.

आम्ही नेवाशाकडचे. वडील शाळामास्तर. डिप्लोमाला घालताना त्यांनी एक अट घातली होती. शेवटच्या वर्षीची साइटवरची सहा आठवड्यांची ट्रेनिंग पूर्ण झाली तर शीक, नाही झाली तर बोहल्यावर चढ. स्थळ तयार होतं. मुलगा चांगला होता, गुऱ्हाळ होतं, फक्त त्याला माझ्याशी बोलताना माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघायची सवय होती. मला कॅलेंडर व्हायचं नव्हतं. पण मुलींना साइटवर घ्यायला कोणी तयार नसायचं. घेणार कोणाच्या जबाबदारीवर? तर आमच्या विभागाच्या. बाई संस्थेच्या कागदावर हमीपत्र द्यायच्या, त्यावर कालव्याचे साहेब मला घ्यायला कबूल झाले होते. माझे वडील एकदा पंपहाऊसवर आले, तासभर वाद घालून गेले. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "नाही म्हणताना त्यांच्या आवाजाला तडा जातो. हमीपत्र दाखव, हो म्हणतील."

आणि नेमकं तेव्हाच पुण्याहून पत्र आलं. शाखेच्या महिला विभागात किमान पाच सभासद हवेत, पडताळणीला सेक्रेटरी येत आहेत, पाच न भरल्यास विभाग बंद आणि त्याची हमीपत्रं रद्द.

आम्ही तिघींनी बाईंकडे बघितलं. बाई काठीला तेल लावत होत्या. "येऊ देत," म्हणाल्या. "कमलला साइटवर नेऊन भेटवू."

त्यांचा बेत असा होता की सेक्रेटरीला त्या धुराड्यापाशी न्यायचं, तिथे हजेरी घ्यायची आणि काठी त्याच्या कानाला लावायची. बस्स. बाईंना यात काही विचित्र वाटत नव्हतं. मला मात्र रात्रभर कॅलेंडर दिसलं. काठीतून काही ऐकू आलं नाही तर? मग मला एक नामी युक्ती सुचली. नामी युक्त्या मला आजही सुचतात, आणि आजही त्या मी दोनदा तपासते, ते त्या दिवसापासून.

त्या धुराड्यापासून वीसेक हातांवर, निवडुंगाच्या मागे, दुसरं धुराडं होतं. आत उतरायला भिंतीत दगडी खोबण्या. सुमनने गुपचूप तिथे उतरायचं, आणि बाईंनी "पाच" म्हटलं की हातातल्या पान्याने भिंतीवर तीनदा ठोकायचं. खालून नळ एकच, आवाज जाणार.

रेहाना म्हणाली, "बाईंना कळलं तर?"

"कळून काय होतंय?" सुमन म्हणाली. "हिचं लगीन तरी टळंल."

सेक्रेटरी आले. कोट, सुगंधी तेल, आणि पाऊस नसलेल्या साली छत्री. खोलीत त्यांनी आमच्या चौघींच्या सह्या ताडून पाहिल्या. मग सुमनने पोट धरलं आणि घरी जाते म्हणून ती निघून गेली. आम्ही बाकीचे माळावर गेलो. ऊन असं होतं की सावल्या पायाखाली दडलेल्या. थोड्या अंतरावर दुष्काळी कामावरच्या बाया रस्त्यासाठी खडी फोडत बसल्या होत्या, त्यांचे घन एका तालात पडत होते.

धुराड्याच्या तोंडाशी बाई उभ्या राहिल्या. सेक्रेटरी म्हणाले, "पाचव्या सभासद कुठे आहेत?"

"खाली. कामावर आहेत," बाई म्हणाल्या. त्यांनी काठी दगडावर टेकवली, सेक्रेटरींना वाकायला लावलं आणि पुस्तक उघडलं. एक, दोन. तीनला कोणी ओ दिली नाही, बाईंनी तिकडे लक्षही दिलं नाही. चार, मी. मग चष्मा निघाला, पुसला, चढला.

"पाच. कमल."

खडीच्या बायांचे घन थांबले. का, ते मला माहीत नाही, पाणी प्यायला थांबल्या असतील. माळ एकदम मुका झाला. आणि खालून आलं. टक्. टक्. टक्.

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचं तेल वितळलं. ते सरळ झाले, खिशातून पेन काढलं, पडताळणीचा कागद ठेवायला शिपायाची पाठ नव्हती म्हणून छत्रीवर ठेवला. मी रेहानाला चिमटा काढला. आमचं नाटक पहिल्याच खेळात रंगलं होतं.

मग पुन्हा ठोका पडला. चौथा. मग पाचवा, सहावा, आणि मग ताल सोडून, भराभर.

बाईंनी काठी कानाला लावली. डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"ही कमल नाही. कमल घाबरत नाही. खाली कोण आहे?"

मी गप्प राहिले. किती वेळ, ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पेनाचं टोपण निघून सहीचं पहिलं अक्षर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा. माझं लक्ष त्या अक्षराकडे होतं. मग खालून ठोका आला नाही, आणि मी म्हणाले, "सुमन."

बाई धावल्या. पन्नाशीची बाई, नकाशे, पुस्तक, सगळं टाकून निवडुंगातून आरपार. दुसऱ्या धुराड्याच्या आत बघितलं तर वरच्या खोबणीचा दगड निखळला होता, पडताना त्याने खालच्या दोन खोबण्याही फोडल्या होत्या, आणि खाली काळोखात काही दिसत नव्हतं.

"सुमन," बाईंनी हाक मारली. त्यांनी आमच्यापैकी कोणाला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "सुमन, बोल."

"बाई, हात मोडलाय वाटतं." आवाज लांबून आला, जेवढं ते धुराडं खोल होतं त्याहून लांबून. "पाणी वाढतंय का वो इथलं?"

खडीच्या बायांतली एक उठून आली. साळूबाई तिचं नाव, पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, एरवी ऊसतोडीला जाणारी. कमरेला विळा, खांद्यावर दगडं ओढायचा दोर. तिने वाकून आत बघितलं. "लई खोल हाय. पर दोर पुरंल. कोन धरनार?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तुमच्यानं न्हाई हुयाचं. तुमी बोला तिच्याशी. म्या धरते." तिने दोर खांद्यावरून पाठीवर घेतला, टाचा मातीत रोवल्या. रेहाना आणि मी मागे लागलो. सेक्रेटरींनी आमच्यावर छत्री धरली. माणूस घाबरला की त्याला जे येतं ते करतो.

बाईंनी आधी कागद पेटवून आत टाकला. तो खालपर्यंत जळत गेला, म्हणजे हवा चांगली होती. मग दोर सोडला आणि धुराड्याच्या तोंडाशी पालथ्या पडून सांगू लागल्या, "कमरेला वेढा. समोर निरी. पदर खालून घे."

"बाई, मला न्हाई येत ती. एका हातानं न्हाई यायची."

"निरीच्या मागून फिरव. खोच."

"दिसंना काही वो."

"बघायचं नाही. बांधायची."

खालून काही आलं नाही. बाईंनी दोर दोन बोटांत धरून ठेवला. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी ज्या दोराची वाट बघितली, तोच जणू त्यांच्या हातात होता. मग दोराला झटका बसला. एकदा. ताठ, नीट, शिकवल्यासारखा.

साळूबाई म्हणाली, "व्हय, भरलाय. वढा."

आम्ही ओढलं. माझ्या तळहाताची साल निघाली, मला कळलंही नाही. बाई ओढत नव्हत्या, त्या दोन्ही हात काळोखात सोडून पडल्या होत्या. आधी सुमनचे केस आले, मग चिखलाने भरलेलं तोंड. बाईंनी तिला काखेत धरून बाहेर घेतलं आणि तशीच छातीशी धरून बसल्या. तिचा उजवा हात लोंबत होता. कोणी कोणाला रागावलं नाही. साळूबाईने तिच्या मडक्यातलं पाणी सुमनच्या तोंडाला लावलं आणि म्हणाली, "पोरी, यवडं धाडस कुनासाठी?" सुमनने माझ्याकडे बोट केलं. साळूबाईने मला नखशिखान्त बघितलं. "हिच्यासाठी? बरं."

सेक्रेटरींनी घसा साफ केला. कागदावर त्यांच्या सहीचं एक अक्षर पडलेलं. "म्हणजे पाचव्या सभासद अस्तित्वात नाहीत."

मी मान खाली घातली. कॅलेंडर भिंतीवरून उतरून माझ्या गळ्यात पडलं. पण बाई म्हणाल्या, "नियम वाचा."

त्यांनी वाचला. बांधकामाच्या वा अभियांत्रिकीच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेली महिला.

बाईंनी साळूबाईकडे बोट केलं.

"अहो, या खडी फोडतात."

"खडी ज्या रस्त्याला लागते त्यावरून तुम्ही पुण्याला जाणार. आणि आत्ता एक काम झालं तुमच्यासमोर. त्यात दोर कोणी धरला, छत्री कोणी धरली, ते लिहा अहवालात."

सेक्रेटरींनी छत्री मिटली. साळूबाईने अंगठा उठवला. "म्हंजी आता मी कोन झाले?" तिने विचारलं.

"इंजिनियर," बाई म्हणाल्या.

"आन् हजेरी किती वाजता?"

"शनिवारी चारला."

मला माझं पत्र मिळालं. वडलांचा आवाज अखेर तडकला आणि मी कालव्यावर गेले. आज माझ्या साइटवर माणूस खाली उतरतो तेव्हा दोराचं वरचं टोक मी धरते. लोक म्हणतात, मॅडमना हौस आहे.

पण त्या दुपारचं एक राहिलं. सेक्रेटरी गेल्यावर सुमनच्या कमरेचा दोर सोडायला मी हात घातला, तर बाईंनी माझा हात धरला. त्या गाठीकडे बघत होत्या. कासोटा गाठच होती, सुबक, वेढा बरोबर, खोच पक्की. फक्त ती उलटी होती. आरशात दिसावी तशी. पदर डावीकडून फिरलेला.

"ही तू बांधलीस?" बाईंनी विचारलं.

सुमनने नकारार्थी मान हलवली. "मला कुठं येती? मी नुसती रडत हुते. मग हात आला की वो. मला वाटलं, तुमीच कुनाला तरी खाली सोडलंय."

मी म्हणाले, भीतीने माणसाचा हात आपोआप चालतो, उजवा मोडला म्हणून डाव्याने बांधली असेल, मग उलटीच पडणार. हे उत्तर चांगलं आहे. मी आजही तेच देते.

बाईंनी साळूबाईचा विळा मागून घेतला आणि गाठीच्या वरून दोर कापला. गाठ न सोडता वेढा सुमनच्या अंगावरून उतरवला आणि पिशवीत ठेवला.

पुढच्या शनिवारी खोलीत गेलो तर रिकामी खुर्ची नव्हती. तिच्यावर साळूबाई बसली होती, पाय वर घेऊन. भिंतीवर खिळ्याला तो वेढा टांगलेला. बाईंनी हजेरीपुस्तक उघडलं. जुन्या पाच नंबरसमोर त्यांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, आणि पुढे बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कार्यमुक्त'. शाई वाळेपर्यंत थांबल्या. मग नवं नाव लिहून उभ्या राहिल्या.

एक, दोन, तीन, चार. चष्मा काढला नाही.

"पाच."

"हाय की," साळूबाई म्हणाली.

आम्ही सवयीने पाइपकडे बघितलं. त्या दिवशी पाणी होतं, तरी तो वाजला नाही.